चौथ्या दिवशी परत आणलं तिला

चिंगी म्हणजे मी दत्तक दिलेली कुत्री. तिला आज दुपारी खारघरच्या कुटुंबाने परत आणून दिलं. चौथ्या दिवशी! कारण काय, तर "ती खेळतच नाही, सोफ्याखाली बसून राहते, आणि मुलाने हात घातला तर गुरगुरली." गादी, खाणं, लसीचं पुस्तक, सगळं एका पिशवीत भरून हातात ठेवलं आणि निघाले.

संताप झालाय. तरी नीट लिहिते, कारण माझ्या यादीतले बरेच जण कुत्रा दत्तक घ्यायच्या विचारात आहेत.

नव्या घरात आलेला कुत्रा पहिले तीन दिवस घाबरलेलाच असतो. जेवत नाही, शू दाबून धरतो, टेबलाखाली किंवा पलंगाखाली दडी मारतो. साधारण तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराच्या वेळा कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला, हा हिशोब फॉस्टर करणारे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्रा तात्पुरता सांभाळणारे, सगळेच आधी सांगतात. चिंगीच्या वेळी तर लिहून दिला होता. या दिवसांत तिला एक कोपरा द्यायचा, तिथे गादी आणि पाणी ठेवायचं, आणि ती तिथे असताना कुणीही हात लावायचा नाही. पाहुणे बोलवायचे नाहीत, अंघोळ घालायची नाही. तिच्याकडे टक लावून न बघता बाजूला तोंड करून जमिनीवर बसायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा लांबून टाकायचा. आली तर आली, नाही तर उद्या. मोठा कुत्रा दोन दिवस काहीच खाईना किंवा चोवीस तासांत शू झाली नाही, तर मात्र डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लाच्या बाबतीत एवढं थांबायचं नाही. त्याने दोन वेळचं खाणं सोडलं तरी उचलून दवाखान्यात न्यायचं.

आणि गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना: लांब राहा. त्यावर ओरडलात, फटका दिलात, की तो सूचना देणं बंद करतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. चिंगी गुरगुरली आणि थांबली. तोंडासमोर हात असून तिने दात लावला नाही, आणि तिच्यावरच "चावरी" म्हणून शिक्का! मान्य, घरात लहान मूल असलं की आईबापांचा जीव वरखाली होणारच. पण मग त्याच रात्री फोन करायचा होता. मुलाला दोन दिवस सोफ्यापासून लांब ठेवणं एवढाच उपाय होता.

पहिल्या आठवड्यातली दुसरी भीती म्हणजे कुत्रा पळून जाण्याची. घोडबंदर रोड असो नाहीतर पाम बीच, सुटलेला घाबरलेला कुत्रा सरळ गाड्यांमध्ये शिरतो, आणि नव्या माणसाच्या हाकेला तर तो येतच नाही. नुसत्या गळपट्ट्यावर बाहेर नेऊ नका. कुत्रा मागे रेटला की साधा पट्टा डोक्यावरून निघतो. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घालायचे, दोघांना वेगवेगळी दोरी, एक टोक मनगटात अडकवलेलं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच सैल जागा ठेवा. फोन नंबराचा बिल्ला पहिल्या मिनिटापासून गळ्यात हवा. लिफ्टचं दार उघडताना आणि डिलिव्हरीवाला बेल वाजवतो तेव्हाच बहुतेक कुत्रे निसटतात, म्हणून दार उघडण्याआधी कुत्रा खोलीत बंद. बाल्कनीला जाळी नसेल तर बाल्कनीचं दारही बंदच.

आता फॉस्टर करणाऱ्यांसाठी, कारण "पिल्लू सापडलंय, कुणी ठेवाल का" हे मेसेज रोज येतात आणि लोक भावनेच्या भरात थेट हॉलमध्ये आणतात. रस्त्यावरचं पिल्लू आणलं की किमान १४ दिवस वेगळी खोली किंवा बाथरूम. पार्व्हो हा पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. त्याची लक्षणं दिसायला बहुधा आठवडाभर लागतो, कधी त्याहून जास्त, आणि तोवर तुमच्या घरच्या कुत्र्याला लागण झालेली असते. उलटी, रक्ताची घाण वासाची हगवण, पिल्लू मलूल, तर तासाभरात दवाखाना. सलाईन लागतं, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आधी साबणाने घाण धुऊन काढायची, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही. मग एक लिटर पाण्यात साधारण ३५ मिली घरगुती ब्लीच, दहा मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, मग स्वच्छ पाणी. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका डोसवर भागत नाही, कारण आईकडून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत ते लसीचा असर होऊ देत नाही, आणि ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, वजन करूनच. आपल्याकडच्या पावसात उंदरांच्या मुतातून लेप्टो हा आजार होतो, तेव्हा त्याची लस विसरू नका आणि साचलेल्या पाण्यात कुत्रा फिरवू नका.

गोचीड अंगावरून काढून भागत नाही. ती अंडी घालते भिंतीच्या फटीत, पडद्याच्या शिवणीत. औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घ्या आणि सांगितलेल्या तारखेला पुन्हा द्या. गोचीड चावलेला कुत्रा सुस्त, ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं की रक्त तपासून प्लेटलेट बघायच्या.

खाणं: भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला, कांदा-लसूण नाही. शिजवलेली हाडं नाहीत. दूध नाही, हगवण लागते. उपाशी प्राण्यासमोर एकदम भरलेलं ताट ठेवू नका, चार वेळा थोडं थोडं द्या.

आणि कुत्र्याला कायमचं घर देताना? "मुलीच्या वाढदिवसाला पिल्लू हवं" असा फोन आला की माझा नकार. लोक चिडतात, चिडू देत. दिवसभर घरी कोण, गावी गेलात तर कुत्रा कुठे, घरातल्या प्रत्येकाची तयारी आहे का, हे विचारायचं, आणि घर बघितल्याशिवाय कुत्रा द्यायचा नाही. घर भाड्याचं असेल तर मालकाशी स्वतः बोलायचं. सोसायटीचा धाक घालणाऱ्यांना २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने स्पष्ट म्हटलंय की बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. दत्तक देतानाच्या करारात तीन गोष्टी हव्यात: पिल्लू असेल तर वेळेवर नसबंदी, आम्हाला न विचारता दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि जमलं नाही तर आमच्याकडेच परत.

त्या तिसऱ्या अटीमुळे चिंगी आज रस्त्यावर नाही, माझ्या पायाशी आहे, एवढं श्रेय त्या कुटुंबाला देते. मनाविरुद्ध देते, पण देते. कुत्रे लांब कुठेतरी सोडून येणारे लोकही बघितलेत, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

तिने संध्याकाळी थोडा भात खाल्ला. हिचं घर सापडेल, घाई नाही.

पण ऐरोली-घणसोली भागात फॉस्टर घरं हवी आहेत. मेसेज करताना एवढं लिहा: बंद होणारी वेगळी खोली आहे का, घरात दुसरे प्राणी असतील तर त्यांची लस शेवटची कधी झाली, आणि रात्री दोनला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कोण काढेल.