आधी आवाज, मग ब्रेक

आंब्याचा हंगाम बरा गेला, लग्नकार्यं उरकली, कौलं परतून झाली आणि तरीही हातात चार पैसे उरलेत? मग वेळ न दवडता एखादी जुनी राजदूत ३५० विकत घ्या. होडी घेतलीत तर लोक म्हणतील, कामाला लागला. जमीन घेतलीत तर भावकी कोर्टात जाईल. बंद पडलेली मोटरसायकल घेतलीत की कोणी काही बोलत नाही. फक्त तुमच्या घरच्यांकडे जरा कणवेने बघतात.

गाडी शोधायला पुण्या-मुंबईला जाऊ नका. तिकडे ती पुसून, चमकवून, फोटो काढून दुप्पट भावाने विकतात. आपल्याकडे ती कुठल्यातरी पडवीत सुपारीच्या पोत्यांमागे, फाटक्या मच्छरदाणीखाली उभी असते. सीटवर कोंबडी खुडूक बसली असेल तर भाव पाडायला चांगली संधी आहे. कोंबडीला उठवायचं मात्र मालकिणीला विचारून. मालक सांगतो, ‘दादा होते तोवर एका किकला चालू व्हायची.’ दादा कुठल्या साली गेले हे विचारायचं नाही.

थोडी कुळकथा पाठ असू द्या, चहाच्या टपरीवर उपयोगी पडते. यामाहाची आरडी ३५०बी एस्कॉर्ट्सने १९८३ साली राजदूत या नावाने आपल्याकडे आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. ज्या काळात बुलेट ३५० चा जोर १८ हॉर्सपॉवर होता, त्या काळात हिचा ३०.५. पेट्रोल पिते म्हणून बोंब झाली, तेव्हा तिला लगाम घालून २७ वर आणली. पहिली एचटी, म्हणजे हाय टॉर्क, दुसरी एलटी, म्हणजे लो टॉर्क. तुमच्या हाती एलटी आली असली तरी एचटीच सांगायची. कोकणातली प्रत्येक राजदूत एचटीच होती, जसा प्रत्येकाचा पणजोबा खोत होता. आणखी एक गोष्ट, मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे येताना किंमत आवाक्यात राहावी म्हणून तिथे ड्रम बसला. हे टपरीवर काढायचं नाही. ब्रेकबद्दल बोलणारा माणूस म्हातारा वाटतो.

गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणायला आजपासूनच सुरुवात करा. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी, म्हणजे १९८५ ची राजदूत २०३५ पर्यंत नुसतीच जुनी. पण असल्या बारकाव्यांत शिरलं तर माणसाच्या हातून काही घडायचं नाही. त्याच नियमात असंही आहे की गाडी मूळ रूपात हवी, चेसी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. तुम्ही तर नेमकं तेच करायला निघालात. मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलमही गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू नका म्हणतं. आरटीओत दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करताना जुना सायलेन्सर लावून न्यायचा आणि परतीच्या वाटेवर पहिल्या वळणाला बदलायचा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो मी देत नाही. मी फक्त त्या वळणावर चहा बरा मिळतो एवढं सांगतो.

आता खर्चाला लागा. पैसा आधी आवाजात घाला. सायलेन्सरच्या जागी लावायला फुगीर पोटाचे दोन एक्स्पान्शन चेंबर मागवा, बिनक्रोमचे, नुसत्या पत्र्याचे, वेल्डिंगच्या रेघा दिसतील असे. यामागचं शास्त्र खरोखर सुंदर आहे. एक्झॉस्ट पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या भोकातून, बाहेर पडलेल्या धुराची लाट पाइपच्या निमुळत्या टोकावर आदळून मागे फिरते आणि बाहेर पळू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. म्हणजे आपला कचराच आपलं दार लावून घेतो. (ग्रामपंचायतीला हे शिकवायला हवं.) फक्त ही लाट वेळेवर पोचते ती ठराविक आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, पट्ट्यातच. पाइप आखूड केला की हा पट्टा वर सरकतो. त्यात मेस्त्रीने ग्राइंडर घेऊन एक्झॉस्ट पोर्ट उंचावले की आणखी वर. शेवटी सहा हजारांच्या खाली तुमच्याकडे गाडी नसते, फक्त तिचा आवाज असतो.

तुम्ही म्हणाल, सहा हजारांच्या वर चालवू. जरूर. गुहागरच्या बाजारपेठेतून एकदा नेऊन बघा. समोर एसटी, एसटीसमोर नारळाचा टेम्पो, टेम्पोसमोर कोणाचा तरी जावई गाडी मागे घेतोय. दुसऱ्या गिअरवर, अर्ध्या क्लचवर, अडीच हजारावर तुम्ही धूर सोडत उभे. तिसऱ्या मिनिटाला डावा प्लग तेलाने ओला होतो आणि दोन सिलिंडरची गाडी एका सिलिंडरची होते. खिशात कोरडा प्लग आणि प्लगपाना ठेवा. बाजारपेठेत बसून प्लग बदलणाऱ्या माणसाला आपल्याकडे मान आहे. लोक थांबतात, वाकून बघतात, एखादा टॉर्चही धरतो. तेवढ्यात राहिलेली भाजी घेऊन टाका.

जो खर्च दिसत नाही तो मात्र टाळायचा. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची, ऑइल सील ही अशीच एक निरुपयोगी वस्तू. काळ्या रबराची चकती, बसवल्यावर कोणाला दाखवता येत नाही. गाडी पंधरा वर्षं पडवीत उभी राहिली की ती लाकडासारखी कडक होते. क्लचच्या बाजूची सील गेली तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून पांढरा धूर काढतं. तो धूर लोकांना दिसतो म्हणून ती बदलली जाते. दुसऱ्या बाजूची गेली तर आत नुसती हवा शिरते. हवा फुकट आहे, म्हणून मी ती बदलली नाही.

झालं ते असं. जून उजाडला होता. पडवीत गोणपाटावर इंजिन मांडलं होतं, शेजारच्या सुपात आईने आमसुलं पसरली होती. दोन्हींचा रंग एकच, त्यामुळे एका पुटाला थोडं टू-टी ऑइल लागलं, ते सोडा. मी नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे रीड (मिश्रण आत सोडणाऱ्या पातळ झडपा) आणि ते दोन फुगीर पाइप बसवले आणि सील तशीच ठेवली. आठ दिवस गाडी अशी पळाली की मी भेटेल त्याला थांबवून सांगत होतो. हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडून पिस्टन तापतो, आणि पातळ मिश्रणावर टू-स्ट्रोक शेवटी शेवटी फार गोड पळते, हे मला नंतर समजलं. नवव्या दिवशी हेदवीहून तवसाळकडे जाताना, उतारावर, ॲक्सिलेटर सोडलेला असताना, मागचं चाक जागच्या जागी थिजलं. क्लच दाबायला मला लागला असेल एक सेकंद. त्या सेकंदात रस्त्यावर काळी रेघ उठली आणि गाडी करवंदीच्या वईत शिरली.

वईपलीकडे एक आजी कोयता घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. ‘एवढा गलका करत आलास,’ त्या म्हणाल्या, ‘आणि थांबलास तो आमच्या वईत?’ मी म्हणालो, इंजिन जॅम झालं. ‘मग ब्रेक नव्हता काय?’ मी म्हणालो, होता. तो मी वापरला नव्हता हे सांगायचं धाडस झालं नाही. पाणी दिलं त्यांनी. वई दुरुस्तीचे पैसेही घेतले.

घरी इंजिन उघडलं. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर चार उभे ओरखडे. नखाने चाचपलं तर नख अडकत होतं. सिलिंडर पुढच्या साइजला बोर करायला, म्हणजे आतून खरवडून मोठा करायला, लेथवाल्याकडे चिपळूणला गेला. तो म्हणाला, ‘अजून दोन वेळा जमेल, मग स्लीव्ह, आतलं अस्तरच नवं.’ असं तोंडावर भविष्य सांगणारा ज्योतिषी मला अजून भेटलेला नाही. तेव्हा तुम्हीही सील बदलू नका. अनुभव हा ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, आणि आपल्याकडची हवा जून ते सप्टेंबर म्हणजे पाणीच. शिवाय चाळीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि वॉशर ते फुगवून मऊ करतं. त्यात इथेनॉलमुळे मिश्रण आणखी पातळ पडतं, म्हणजे कार्ब्युरेटरची जेट, पेट्रोल सोडणारी बारीक नळी, मोठी घालायला हवी. जेटची पुडी स्वस्त मिळते. म्हणूनच ती शेवटी आणायची, दुसऱ्यांदा बोर केल्यावर.

टाकी रंगवून, पोटाचे पाइप लावून, क्लिप-ऑन हँडल आणि मागे सरकवलेले फूटरेस्ट बसवून झाले की पाकिटात जे उरेल त्यातून ब्रेक करायचा. उरणार नाही. घाबरू नका, ड्रम आहेच की. ट्विन लीडिंग शू म्हणजे दोन्ही शू चाकाच्या फिरण्यासोबत आत ओढले जातात, त्यामुळे पहिल्या दोन दाबांना हा ब्रेक खरंच चावतो. तिसऱ्या दाबाला ड्रम तापून शू गुळगुळीत होतात, आणि चौथ्याला कुंभार्ली घाटात तुम्हाला कुलदैवत आठवतं. फोर-स्ट्रोक गाडी उतारावर इंजिनानेच थोडी अडते, टू-स्ट्रोकमध्ये ती अडवणूक नावालाच. शिवाय हिचा ऑइल पंप ॲक्सिलेटरला जोडलेला. मूठ सोडली की इंजिनाला तेलही कमी मिळतं. म्हणजे उतारावर ॲक्सिलेटर सोडा, तर पिस्टन धोक्यात. सोडू नका, तर तुम्ही. असा पेच फक्त पट्टीच्या गाड्याच घालू शकतात.

पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की ब्रेक आधी लागतच नाही आणि मग एकदम लागतो. त्यासाठी आधीपासून हलका दाबून कोरडा ठेवावा लागतो, असं जुने लोक सांगतात. जुने लोक वळणाआधी हॉर्नही वाजवतात. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, म्हणजे म्हैस दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एसटीच्या दीडपट लांबी गेलेली असते. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबायला चौपट अंतर लागतं. म्हशीला हे गणित येतं की नाही ठाऊक नाही, पण ती हलत नाही यावरून येत असावं. टायर मात्र मूळ मापाचेच ठेवा, पुढे ३.००-१८, मागे ३.५०-१८. रुंद टायर घातला की चिमट्यात घासतो. आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश? ते दिसत नाहीत. वर सांगितलेला नियम लावा.

गंजाबद्दल काही करण्यासारखं नाही. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. क्रोमला पहिल्याच वर्षी देवी येते. स्पोक स्टेनलेसचे घाला, बाकी रंग लावत राहा.

एवढं सगळं करून एक दिवस तुम्ही संध्याकाळी गाडी बाहेर काढता. दोन किकमध्ये चालू होते. निळसर धूर, कुठल्याही टू-टी ऑइलला येतो तो वास आणि गल्लीतल्या पोरांचा घोळका. समुद्राच्या बाजूचा सरळ रस्ता रिकामा. तिसऱ्या गिअरमध्ये काटा सहा हजारांवर जातो आणि आतून कोणीतरी पाठीत धपाटा घालावा तशी गाडी सुटते. मी हे चेष्टेने लिहीत नाही. त्या सात-आठ सेकंदांसाठी माणूस दोन वर्षांची मिळकत घालवू शकतो, मी घालवली. मग रस्ता संपतो, जेटी येते, आणि कोणीतरी पुढे होऊन विचारतं, ‘किती देते?’

या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. पोर्टिंग, कॉम्प्रेशन, रीड यातलं काही सांगू नका. ‘वीस’ म्हणा. तो ‘हम्म’ म्हणेल आणि स्कूटरकडे वळेल, जी पंचेचाळीस देते.

धोपाव्याहून दाभोळला जायचं तर फेरीबोट आहे. नाहीतर खाडीला वळसा घालून चिपळूणवरून या, पण मग त्या सहा हजारांचं काय? बोट पलीकडच्या काठावर असते, नेहमीच. रांगेत उभं राहायचं, इंजिन बंद करून. पुढे मासळीचा टेम्पो, मागे दोन रिक्षा, बाजूला पाटी घेऊन उभी असलेली कोळीण. टेम्पोमधून बर्फाचं पाणी ठिबकतं ते नेमकं तापलेल्या पाइपच्या पोटावर. चर्रर्र होऊन तिथे पांढरा डाग पडतो आणि सुरमईचा वास उठतो. तुम्ही रुमालाने पुसायला खाली वाकता, तेवढ्यात सीटवर काहीतरी जड टेकल्याचं जाणवतं. वर बघता तर पाटी. कोळीण हात झटकत उभी असते.

‘जरा टेकते हां, दादा,’ ती म्हणते. ‘बोट येईस्तवर हलवू नको.’