अपघात विभागात जाण्याची पूर्वतयारी

एकतीस डिसेंबरच्या रात्री सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात दाखल व्हायचे असेल, तर उपाशीपोटी प्यायला बसावे आणि उठताना ‘मला काही चढत नाही’ असे म्हणत दुचाकीची किल्ली स्वतःकडेच घ्यावी. हेल्मेट डिकीत ठेवावे. त्याला उगाच ओरखडा नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा घातली आहे, आणि यकृत तासाला साधारण एका पेगाचाच निचरा करते, त्यामुळे सहा पेगांची बेगमी पहाटेपर्यंत सहज पुरते. कुणी काळी कॉफी देऊ केली तर अवश्य प्यावी. नशा तसूभरही उतरत नाही, झोप मात्र उडते आणि गाडी चालवण्याचा उत्साह टिकतो.

मित्र बेशुद्ध पडल्यास त्याला उताणे निजवावे, कारण कुशीवर वळवले तर उलटी बाहेर पडते आणि श्वासनलिकेत जाण्याची संधी हुकते. 108 ला फोन करण्याची घाई नको. ‘सकाळी उतरेल’ हे निदान आपल्याकडे फार जुने आहे.

विभागात पोहोचल्यावर पहिला मान आपला. छातीत दुखते म्हणून आलेले आजोबा बाकावर घाम पुसत असतील, पण ते आरडाओरडा करत नाहीत, तेव्हा त्यांना घाई नसावी. ‘मी कोण आहे, ठाऊक आहे का?’ असे निवासी डॉक्टरांना विचारावे. हात मात्र जपून उचलावा, कारण 2010 च्या राज्य कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा ठरवला आहे. डोके आपटल्याचे तर मुळीच सांगू नये. तोंडाला वास येत असला की असंबद्ध बडबड दारूची, घसरलेल्या साखरेची की मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे नुसते पाहून कुणालाच सांगता येत नाही, आणि सीटी स्कॅनच्या टेबलावर आपण मान हलवत राहिलो की तो प्रश्न आणखी तासभर खुला राहतो. पोलिसांसाठी रक्त घेताना त्वचेला स्पिरिटचा बोळा लावला नाही, म्हणून अस्वच्छतेची तक्रार करावी; लावला असता तर स्पिरिटमधल्या अल्कोहोलमुळे नमुन्यावरच शंका घेता आली असती, हे आपल्या वकिलांना पुढे कळेलच.

रोज पिता का, या प्रश्नाला ‘कधीतरी, कंपनी म्हणून’ असे उत्तर द्यावे. मग रोजची दारू एकाएकी तुटल्याने दोन-तीन दिवसांनी वॉर्डात हात थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले आणि आपण सलाईन उपटून निघालो, की इथल्या औषधांनीच पेशंट बिघडवला, असे नातेवाइकांना छातीठोकपणे सांगता येते.