पान १०४

फोंड्यात माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, पावतीपुस्तकं, आणि वर्षाकाठी एखाद्या निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र. (आमच्याकडे निवृत्त मास्तर आणि आत्मचरित्र म्हणजे पेज आणि तोराचं लोणचं.)

अशाच एका मास्तरांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती घेतल्या होत्या. दोनशे बांधून झाल्या, देवळाच्या सभागृहात प्रकाशन झालं, आणि पंधरवड्यात रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली. लेखकाला एक, मला एक. सातव्या फर्म्यातलं (फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक घडीचा ताव) पान १०४. गावच्या शाळेच्या इमारतीसाठी जमलेल्या वर्गणीचा हिशेब अमुक गृहस्थांनी शेवटपर्यंत दिला नाही, एवढीच अडीच ओळींची गोष्ट. ते गृहस्थ आता व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसतात. मागणी अशी: माफी मागा, प्रती मागे घ्या, नाहीतर एक कोटी भरपाई.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू?

कारण कायद्यात छापणाराही अडकतो. पूर्वी दंड संहितेचं कलम ५०१ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६. मजकूर बदनामीचा आहे हे ठाऊक असून छापला तर दोन वर्षांपर्यंत कैद. विकणाऱ्यालाही तेवढीच. आता यातली मेख बघा. नोटीस यायच्या आधी मी म्हणू शकत होतो, साहेब, मी फक्त प्लेटा लावल्या, आत काय आहे ते वाचत बसलो नाही. नोटीस हातात पडली की ती वाट बंद. ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोयच ती काढून घेते. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, तिकिटाचा खर्च पुरतो. दोन दुकानदारांनी त्याच आठवड्यात प्रती परत आणून टाकल्या.

कुणी म्हणेल, मग माणसाने बदनामी मुकाट सोसायची का? मुळीच नाही. खोटं लिहिलं असेल तर दावा लावावा, साक्षीपुरावे होऊ देत. पण बहुतेकांना निकाल नको असतो, पुस्तक थांबायला हवं असतं. खुशवंत सिंग यांचंच घ्या. आत्मचरित्रातला एक भाग १९९५ मध्ये मासिकात आला, मनेका गांधी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, पुस्तकावर मनाई आली. ती उठली २००१ मध्ये. खंडपीठाचं म्हणणं असं, की लेखक आपल्या लिखाणावर ठाम असेल तर छापण्याआधीच तोंड बांधता येत नाही. नुकसान झालं असेल तर नंतर भरपाई मागा. पुस्तक २००२ मध्ये आलं. मनाई आली तेव्हा लेखक ऐंशीचे होते. ते नव्व्याण्णव वर्षं जगले म्हणून निभावलं. आमचे मास्तर अठ्ठ्याहत्तरचे, वर मधुमेह.

मास्तरांकडे त्या वर्गणीचं पावतीपुस्तक आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण आकडे शाबूत. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं, आणि तेही आरोपीनेच सिद्ध करायचं. शाळेचा पैसा लोकहितात बसत नसेल तर मग काय बसतं?

सोळा महिने झाले, दावा काही आला नाही. दिवाणीची मुदत वर्षाची, ती उलटली. फौजदारीची तीन वर्षं, ती डोक्यावर आहेच. तीनशे प्रतींचे फर्मे माझ्या जिन्याखाली खाकी कागदात पडून आहेत, दोन पावसाळ्यांची ओल खाऊन.

परवा मास्तर आले. मला वाटलं, विचारणार. चहा घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तू त्रेचाळीसाव्या पानावर माझ्या आईच्या नावात ऱ्हस्व घातलाय. शुद्धिपत्र लावता येईल का रे?”

शुद्धिपत्र रात्रीच जुळवलं. पान १०४ चा त्यात उल्लेख नाही. माझे वकील म्हणतात, आधी पावतीपुस्तकाची झेरॉक्स जवळ ठेव. ती काढली. फर्मे चवथीच्या आधी बाइंडरकडे जातील.