नौपाड्याच्या तुळया आणि लाकडाचे शास्त्र

ठाण्यातील माझ्या आत्याच्या नातीने बारावीनंतर लाकूडशास्त्र शिकण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पहिली प्रतिक्रिया आली ती ‘सुतारकामाला पदवी कशाला?’ अशी, आणि पाठोपाठ ‘म्हणजे झाडे तोडण्याचेच शिक्षण ना?’ अशी. कॅनडातील व्हँकुव्हरजवळच्या कारखान्यात मी लाकूड वाळवण्याच्या भट्ट्यांचे काम पाहतो, त्यामुळे मोर्चा साहजिकच माझ्याकडे वळला.

दुसऱ्या आक्षेपामागची भावना मला समजते. घोडबंदर पट्ट्यातील झाडांवरून वाद झडत असताना आणि येऊरचे जंगल इमारतींनी वेढले जात असताना ठाणेकराला कुऱ्हाडीचा संशय यावा, हे योग्यच आहे. परंतु आपली चर्चा झाड तोडावे की तोडू नये या प्रश्नापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. लाकडाचे पुढे काय होते, हे कोणी विचारत नाही. नौपाड्यातील आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा सभासद महिनोन्‌महिने भांडले ते पार्किंगवरून. सागवानी तुळया आणि खांब ठेकेदाराने राडारोड्याबरोबर उचलून नेले, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, त्यामुळे दोन पिढ्यांचे छप्पर पेललेल्या त्या तुळया रंधा मारताच पुन्हा कामाला आल्या असत्या. त्याच सभासदांनी नव्या घरांत हौसेने दारे बसवली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती फुगली.

दार फुगले की दोष सुताराच्या माथी जातो. वास्तविक लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते. ओलीचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरले की ते आकसू लागते, आणि तेही सर्व दिशांना सारखे नाही: वर्षवलयांच्या रेषेत जेवढे आकसते त्याच्या सुमारे निम्मे गाभ्याकडून सालीच्या दिशेने, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ठाण्याच्या दमट हवेत राहणारे लाकूड किती वाळवावे आणि इकडे कॅनडातील हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या घरासाठी किती, ही दोन वेगळी गणिते आहेत. भट्टीत घाई केली तर फळी वरून सुकते, आत ओली राहते आणि तडकते. माझा दिवस या हिशेबात जातो आणि त्याला सुतारकाम म्हटल्याने मला कमीपणा वाटत नाही. चांगल्या सुताराला यातले बरेचसे हाताला कळते.

इकडे कॅनडात या विषयाला मान आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात २०१७ साली विद्यार्थ्यांसाठी अठरा मजली लाकडी इमारत उभी राहिली. (तळमजला आणि जिन्या-लिफ्टचे दोन गाभे काँक्रीटचे आहेत, हे कौतुक करणारे सांगायला विसरतात.) कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि इमारत टिकेल तोवर तो तेथेच राहतो. तरीही परदेशात सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये व्हँकुव्हर बेटावरील फेअरी क्रीक येथे प्राचीन वृक्षांची तोड अडवणाऱ्या हजाराहून अधिक आंदोलकांना अटक झाली. खोडकिड्याने पाइनची जंगले पोखरली, त्यात अमेरिकेच्या आयातशुल्काची भर पडली आणि लाकूड कापणाऱ्या अनेक गिरण्या बंद झाल्या. नोकरीची हमी मागणाऱ्या काकांना मी ती देऊ शकत नाही.

शिवाय यासाठी सातासमुद्रापार यावेच लागते असे नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि बेंगळुरूमध्ये लाकडाच्याच संशोधनाला वाहिलेली केंद्रीय संस्था आहे. भाचीला मी सुचवले आहे की अर्ज भरण्याआधी पाडकाम चाललेल्या एखाद्या चाळीपाशी जावे आणि सागाच्या तुळईचे कापलेले टोक भिंगातून पाहावे. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. ती पाहत तासभर उन्हात उभे राहावेसे तिला वाटले, तर घरच्या गटावर मी तिच्या बाजूने भांडेन.