क्लिक मोजा, गिऱ्हाईक विसरा

वेबसाइट काढलीत? उत्तम. आता तिकडे काळं कुत्रंही फिरकत नाही म्हणून हिरमुसू नका, माणसं विकत मिळतात. आमच्या वहिनी इंदूरला रामबागेतल्या घरून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकतात. गेल्या आठवड्यात त्यांच्या ऑनलाइन जाहिरातींचा महिन्याचा रिपोर्ट माझ्या हाती आला. त्यातून जे ज्ञान मिळालं ते एकट्याने पचवणं बरं नव्हे, म्हणून हे सल्ले. फुकट आहेत. या धंद्यात फुकट एवढंच.

आधी एजन्सी गाठा. ती विजयनगरातल्या काचेच्या इमारतीत असावी आणि तिथला मुलगा ‘मॅडम, आप टेन्शन मत लो’ म्हणणारा असावा. खातं कोणाच्या नावावर उघडणार, असले कोते प्रश्न विचारू नका. त्यांच्याच ईमेलवर उघडू द्या. पैसे तुमचे, माल तुमचा, पण कोणी काय शोधलं, कधी शोधलं, किती पैसे गेले, ही सगळी नोंद त्यांच्याकडे. तुम्हाला पासवर्ड लक्षात ठेवायचीही कटकट नाही.

फी मात्र जाहिरातखर्चाच्या टक्केवारीवर ठरवा. जितके तुमचे पैसे उडतील तितकी त्यांची कमाई, म्हणजे अगदी मन लावून उडवतील.

गुगलच्या जाहिरातीसाठी शब्द निवडावे लागतात. निवडा, आणि ‘ब्रॉड मॅच’वर मोकळे सोडून द्या. ‘चकली भाजणी’ एवढं लिहिलं की ‘भाजणीचं प्रमाण’ शोधणारी येते, ‘चकली बनाने की मशीन’ शोधणारा येतो, ‘चकली मऊ का पडते’ असा टाहो फोडणारीही येते. प्रत्येक क्लिकचे पैसे वहिनींनी भरायचे. जी बाई भाजणीचं प्रमाण शोधतेय ती घरी भाजणार आहे हो! तिला विकत घ्यायची असती तर प्रमाण कशाला विचारलं असतं? ‘रेसिपी’, ‘मशीन’, ‘प्रमाण’ हे शब्द ‘निगेटिव्ह’ यादीत टाकले की असल्या शोधांवर जाहिरात दिसत नाही. काम पाच मिनिटांचं. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर पटकावल्यापासून या गावात कचऱ्याची गाडीसुद्धा ओला-सुका वेगळा मागते. आमची एजन्सी मात्र सगळं एकाच डब्यात घेते आणि वर त्याला ‘ट्रॅफिक’ म्हणते.

‘डिस्प्ले नेटवर्क’ची, म्हणजे गुगलच्या शोधाबाहेर इतर वेबसाइटवर आणि ॲपमध्येही जाहिरात दाखवण्याची, खूण चुकूनही काढू नका. आजोबांच्या फोनवर गेम खेळणाऱ्या नातवाचा अंगठा हाही ग्राहकच.

जागा म्हणून ‘इंदूर’ निवडलं की झालं, असं समजून चाला. गुगलचं मूळचं सेटिंग इंदुरात असलेल्यांबरोबर इंदूरमध्ये ‘रस असलेल्यां’नाही जाहिरात दाखवतं. वहिनींचा माल पोचतो स्कूटरवरून, अन्नपूर्णा रोड ते पलासिया. पण सराफ्यात रात्री काय खावं याचा नागपुरात बसून अभ्यास करणाऱ्याला इंदूरमध्ये रस नाही असं कोण म्हणेल?

रोजचं बजेट ५०० रुपये ठेवलंत आणि एखाद्या दिवशी १००० गेले तर दचकू नका. नियमच तसा आहे: एका दिवसात दुपटीपर्यंत जाऊ शकतात, महिन्याची मर्यादा रोजच्या आकड्याच्या ३०.४ पट. वर १८ टक्के जीएसटी, आणि नोंदणी नसलेल्या घरगुती धंद्याला त्यातला रुपयाही परत मिळत नाही. यातलं काही लपवलेलं नाही. फक्त काचेच्या इमारतीत कोणी सांगत नाही.

‘कन्व्हर्जन’, म्हणजे क्लिकमधून झालेलं कामाचं काही, वाढवायचे आहेत? ‘संपर्क’ हे पान उघडलं की एक कन्व्हर्जन, असं मोजायला सांगा. फोन लागला का, ऑर्डर आली का, या गावठी चौकश्या.

आता खरी मेख. स्वतःच्या दुकानाच्या नावावरच जाहिरात लावा. वहिनींच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात झळकणारी ओळ हीच होती, हिरव्या बाणासकट. सुदामानगरच्या एक काकू वर्षानुवर्षं दिवाळीला भाजणी नेतात. त्या फोनवर वहिनींच्या दुकानाचं नाव टाइप करतात, नंबर सापडत नाही म्हणून. सगळ्यात वर जे दिसतं त्यावर बोट ठेवतात. ती जाहिरात. क्लिकचे पैसे गेले. ऑर्डर आली. आणि रिपोर्टात काकू ‘नवीन ग्राहक, आमच्या मोहिमेतून’! ज्या काकूंना वहिनींच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण होतं त्या नवीन ग्राहक? जाहिरात नसती तर खालीच वहिनींची वेबसाइट होती, तिथे बोट ठेवलं असतं, फुकट. मी त्या मुलाला हे विचारलं. म्हणाला, ‘सर, नहीं तो कॉम्पिटिटर ले जाएगा.’ कोण कॉम्पिटिटर? भाजणी विकणाऱ्या दुसऱ्या आजी लोकमान्यनगरात राहतात, त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. गुगलवर जाहिरातीची जागा लिलावाने मिळते, त्या काय त्यात बोली लावणार? कोणी खरंच तुमच्या नावावर बोली लावत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लावा की. पण आधी बघा तरी! न बघताच आमची माणसं आम्हालाच विकता आणि त्यावर टक्केवारी घेता?

लाज वाटायला हवी. वहिनी पहाटे उठून कढईत डाळ-तांदूळ भाजतात, त्या खमंग वासाने आख्खी गल्ली उठते. किलोमागे काय सुटतं ते त्यांना विचारा. तो सुटलेला पैसा तुम्ही मशीन शोधणाऱ्यांवर आणि गेम खेळणाऱ्या पोरांवर उधळता, आणि महिनाअखेरीस ‘इम्प्रेशन्स’चा लाखांतला आकडा तोंडावर फेकता. इम्प्रेशन म्हणजे कोणाच्या तरी पडद्यावर जाहिरात येऊन गेली, बस. कोणी पाहिलीच असं नाही. हा आकडा बँकेत भरता येतो का?

आणि तुम्ही, वाचणारे, नुसत्या माना डोलवू नका. खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, एजन्सीला त्यात फक्त प्रवेश द्या. लोक नेमकं काय शोधून तुमच्याकडे आले त्याची ‘सर्च टर्म्स’ यादी दर आठवड्याला मागा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. दुकानाच्या नावावर झालेले क्लिक वेगळे काढून मागा. खातं आधीच त्यांच्या नावावर असेल तर ॲडमिन म्हणून स्वतःला जोडून घ्या. ‘पॉलिसी नहीं है’ असं सांगतील. अशी कुठलीही पॉलिसी नाही. ईमेल लिहायचा, ‘ॲडमिन’ निवडायचं, आमंत्रण पाठवायचं, एवढंच काम आहे.

काल त्यासाठी फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. कसली मीटिंग? ॲक्सेस द्या आधी.