पकड ठणठणीत, पण घास कोण भरवतं?

आजारी माणूस रोजची कामं स्वतः किती करतो याचे गुण मी घरी जाऊन, सुनेला विचारून भरते, असं मी लेखात लिहिलं होतं. हे तुम्हाला पटलेलं नाही. ‘स्नायूंची ताकद मोजा, पकड मोजा, तेवढं पुरे. घरच्यांना विचारलं की रडगाणंच ऐकू येणार,’ असं तुम्ही लिहिलंत. रडगाण्याचं नंतर बोलू. आधी माझी चूक: ‘बार्थेल ४५’ एवढंच लिहून मी मोकळी झाले, बार्थेल म्हणजे काय हे सांगितलंच नाही.

महोनी आणि बार्थेल या दोघींनी १९६५ साली मांडलेली ही रोजच्या कामांची, दहा बाबींची यादी. जेवण, कपडे, संडास, जिना वगैरे, एकूण १०० गुण. पलंगावरून खुर्चीत जाण्याला १५, अंघोळीला जेमतेम ५. (ओल्या मोरीत पाटावर बसून तांब्याने घेतलेली अंघोळ त्यांनी पाहिली असती तर हात सैल सोडला असता!) आणि मोजायचं ते माणूस रोज काय करतो हे. काय करू शकेल, हे नाही.

आता तुमची पकड. एका आजींना उजव्या अंगाला लकवा. डावा हात असा की माझं मनगट धरलं तर सुटेना. तरी घास सून भरवायची. मलाही वाटलं, लाड चाललेत. एकदा मुद्दाम जेवायच्या वेळी गेले. डावा हात धुण्याचा, तो ताटात कसा घालायचा? आजींनी नुसती मान फिरवली. जेवणाला शून्य.

घरचे वाढवून सांगतात हे खरंच, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचा विषय असला की जास्तच. पण लाजेपोटी झाकणारेही भेटतात. म्हणून ‘जमतं का?’ असं मी विचारतच नाही. ‘आज सकाळी ब्लाउजची हुकं कोणी लावली?’ असं विचारते. त्याला उत्तर एकच असतं.

यादी अपुरी आहे, हे मात्र मान्य. गॅस पेटवणं, पैसे मोजणं तिच्यात नाहीच. १०० मिळाले तरी माणूस एकटा राहू शकेल असं नाही, हे त्या दोघींनीही तेव्हाच लिहून ठेवलंय.

आजींना पुढे चमचा दिला. डाव्या हातात चमचा चालतो म्हणाल्या, ‘चमचा म्हणजे काय हात नव्हे.’ पोळी अजून सूनच वरणात कुस्करून देते, म्हणून सध्या जेवणाला ५.