मगरमच्छ कॉलनीत मगर येणारच की!

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला 'बरं आहे का' विचारत नाही. 'आयर्विनला किती झालं?' एवढंच, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे पोरासोरांना पाठ. 2005 चं 53 फूट म्हणजे शेवटचं, असं आम्ही धरून चाललो होतो. ऑगस्ट 2019 ला पाणी 57 च्याही वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटली, 17 माणसं गेली. 2021 ला परत 54 ओलांडलं.

आणि दर पुराला ठरलेली बातमी: 'मगर मानवी वस्तीत शिरली'. या 'शिरली'चा मला राग येतो. अहो, ज्या वस्त्यांत पाणी सगळ्यात आधी येतं त्यातल्या एकीचं नावच मगरमच्छ कॉलनी आहे! भिलवडी-औदुंबरच्या डोहातल्या मगरी उन्हाळ्यात काठाच्या मळीत, म्हणजे गाळाच्या जमिनीत, खड्डा करून अंडी घालतात. ती मळी आपण वीटभट्ट्यांना उकरून दिली. पुराच्या धारेत मगरीलाही टिकाव धरता येत नाही, ती संथ पाणी शोधत उसात येते, गल्लीत येते.

तिथं राहणाऱ्यांना मी बोल लावत नाही. स्वस्तात मिळालं म्हणून पोटाला चिमटा काढून घेतलेलं घर आहे ते. ओत, म्हणजे पुराचं पाणी वाहून नेणारे सखल ओहोळ, बुजवून, मुरूम टाकून प्लॉट पाडले कुणी आणि त्यावर सह्या केल्या कुणी, ते विचारा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो का, हे भांडण चालू द्या, पण आमचे ओत काही कर्नाटकानं बुजवलेले नाहीत.

2019 ला आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी लागलं होतं. वर कपड्यांच्या दोरीवर एक धामण येऊन बसली. फार जाड नव्हे, पण चांगली लांब. शेजारच्या पोरानं काठी उचलली तर आई म्हणाली, "राहू दे रे. पाणी उतरलं की जाईल आपली आपण." चार दिवस आम्ही त्या दोरीखालनं वाकून जात होतो. पाचव्या दिवशी दोरी रिकामी. खाली नुसता चिखल, फुगलेली जोंधळ्याची पोती आणि तो वास.

चिखलाची रेघ अजून भिंतीवर आहे. परवा प्लॉट बघायला आलेले एक गृहस्थ तिच्याकडं बघून म्हणाले, "ओल धरते वाटतं भिंत?"